दुधावरचा आळ

दूध मला सोसत नाही, हे मी अजूनही चारचौघांत पटकन बोलत नाही. जीभ अडखळते. ज्या घरात मी सून म्हणून गेले, तिथं हे वाक्य शिवीसारखं ऐकलं जायचं.

सासर धारवाडचं, केलगेरीच्या तळ्याच्या अंगाला. पुढच्या दारी म्हशी, मागच्या परड्यात खव्याची भट्टी. दिवसभर दूध आटायचं आणि उन्हं कलली की खव्याचे गोळे सुभाष रोडच्या पेढेवाल्यांकडं जायचे. अंथरूण, लुगडी, डोक्याचे केस, सगळ्यांना दुधाचा आणि धुराचा वास. माझं माहेर अळणावरकडचं. वडील लाकडाच्या वखारीत ओझी उचलायचे. चहा कोरा, गुळाचा. दूध घरात यायचं ते कुणी अंथरुणाला खिळलं तरच. सत्तरच्या दशकाच्या मध्याला माझं लग्न झालं तेव्हा पोरगी दुधातुपात पडली म्हणून आईनं गल्लीभर सांगितलं. तिचं काही चुकलं नव्हतं. पडले खरी दुधातच.

सासूला मी आत्ती म्हणायची. माझा नवरा तिचा एकुलता एक. सासरे लवकर गेले होते आणि भट्टी तिनं एकटीनं चालू ठेवली होती. कढईपुढं बसून ती उलथनं फिरवायची आणि तिथूनच घरातल्या सगळ्यांना हाका मारून कामाला लावायची. बोलणं फटकळ, आणि तिकडच्या जुन्या बायकांसारखी ती स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असं म्हणायची. पण तिची माया वाढण्यात होती. ताटात काही उरलं तर तिला तो स्वतःचा अपमान वाटायचा.

घरात एक रीत होती. सकाळी पहिली जी म्हैस पिळली जाई, तिचं दूध विकायचं नाही, कढईत घालायचं नाही. घरच्या माणसांनी ते तसंच, न तापवता, फेसासकट प्यायचं. नको म्हणायची सोय नव्हती. जो नको म्हणेल त्यानं म्हशीला हिणवलं, आणि हिणवलेली म्हैस आटते, अशी आत्तीची पक्की समजूत होती. नव्या सुनेला तर गिलास काठोकाठ. मी डोळे मिटून प्यायची.

पंधरा-वीस दिवसांत माझं पोट दिसायला लागलं. दुपारपर्यंत ते असं ताठ व्हायचं की परकराची नाडी सैल केल्याशिवाय खाली बसता येत नसे. आतून गुरगुर चालायची. ती शेजारच्या माणसाला ऐकू जायची आणि मी मेल्याहून मेली व्हायची. सकाळी उठले की पोट पुन्हा जागेवर, आणि दूध पोटात गेलं की तासाभरात पुन्हा तेच.

पहिल्यांदा आत्ती खूश झाली. हळूच शेजारणीला सांगून आली. महिना भरला, पाळी आली आणि तिचं तोंड उतरलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तिला तसंच वाटलं. तिसऱ्यांदा मात्र तिनं मला समोर बसवून विचारलं, "मूल न्हाई तर मग हे काय गे हाय आत? वारं?"

वारंच ठरलं. मग वाऱ्याचे उपाय सुरू झाले. चवळी बंद, वाल बंद, बटाटा बंद. जोंधळ्याची भाकरी बंद करून भात. ओवा चावायचा, हिंगाचं पाणी प्यायचं, बेंबीत हिंग भरायचा. जंत असतील म्हणून एक कडू पूड झाली. बेंबी सरकली असेल म्हणून आत्तीनं मला उताणं झोपवून पोटावर कणकेचा पेटता दिवा ठेवला आणि वर तांब्या पालथा घातला. दिवा विझला, तांब्यानं कातडी आत ओढून धरली आणि मी ओरडले. पोटावर लाल वळ उठला. तो कितीतरी दिवस होता. पोट होतं तसंच.

मग कुणीतरी म्हणालं, कोठा साफ होत नसेल. त्यावर आत्तीला एकच औषध माहीत. निजताना गरम दुधात दोन चमचे तूप. म्हणजे सकाळचा गिलास होताच, आता रात्रीचाही आला. माझी हालत काय झाली असेल ते सांगायला नको. आणि गंमत बघा, ती हे सगळं प्रेमानं करत होती. खरवस काढला तर पहिली वडी मला. कढईच्या कडेची खरवड मला. मला तिच्याविरुद्ध बोलायलाही जागा ठेवली नव्हती बाईनं.

आषाढात रीतीप्रमाणं मी माहेरी गेले. तिथं पुन्हा कोरा चहा, भात आणि आमटी. आठवडा झाला नाही तोच पोट सपाट. आईनं माझ्यासाठी मुद्दाम ओवा भाजून ठेवला होता, तो तसाच राहिला. मी चवळी खाल्ली, बटाटे खाल्ले, भाकरी खाल्ली, काही झालं नाही. परत धारवाडला आले, दुसऱ्या सकाळी गिलास हातात आला आणि दुपारी नाडी सैल करायची वेळ आली. तेव्हा मला कळलं. कळलं आणि भीती वाटली. ज्याच्यावर हे घर उभं आहे, त्याच्यावरच आळ घ्यायचा होता.

नवऱ्याला सांगितलं. तो मवाळ माणूस. बांगड्या भरायला नेतो असं आईला सांगून त्यानं मला एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाई कन्नडच बोलायच्या. "एनागेतव्वा?" काय झालंय बाई, म्हणून त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं, माहेरचंही. त्यांनी पोट दाबून पाहिलं, टकटक करून ऐकलं आणि म्हणाल्या, "हालु बिडव्वा." दूध सोड. दही, ताक चालेल, तूप चालेल, दूध आणि खवा नको. काही माणसांच्या आतड्यांत दूध पचवणारा रस मोठेपणी कमी होतो, लाखो माणसांचं असतं, यात काही रोग नाही, असं त्यांनी नवऱ्याला समजावलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "आईला कोण सांगणार?"

मीच सांगितलं. दुसऱ्या सकाळी गिलास घेतलाच नाही. आत्ती आधी हसली, मग तिचा आवाज चढला. "दुधानं बाधा? तान्ह्या पोराला देत्यात ते दूध! तुझ्या पोटाला सवय न्हाई चांगल्याची. भिकाऱ्याचं पोट हाय तुझं." हे शब्द मला लागले. आजही आठवले की लागतात. मी तिथंच उभी राहून रडले, पण गिलास घेतला नाही.

मग ती म्हशीकडं बघत बसली, आज आटेल, उद्या आटेल म्हणून. म्हैस आटली नाही. उलट त्या महिन्यात तिनं थोडं जास्तच दूध दिलं. आत्तीला राग बहुधा त्याचाच जास्त आला. त्यानंतर मला गिलास कुणी दिला नाही, पण पाहुणा आला की ती सांगायची, "आमच्या सुनंला दूध बाधतंय," आणि पाहुणे हसायचे. पुढं मला दोन मुलं झाली, मी भट्टीवर बसायला शिकले, खवा कधी उतरवायचा ते मला कळायला लागलं. टोमणा मात्र राहिला. दहाएक वर्षं मी तो ऐकला.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यात एका थंडीत माझ्या लक्षात आलं की आत्ती ताटावरून लवकर उठते. भाकरीचे दोन घास खाल्ले की "साकु" म्हणायची, पुरे. ज्या बाईला ताटात उरलेलं खपत नसे, तिच्याच ताटात उरायला लागलं. वाकून कढई उतरवताना तिला धाप लागायची. परड्यात सारखी लघवीला जायची. आणि पोट. हात काटकुळे झाले होते, गळ्याखालची हाडं वर आली होती आणि पोट मात्र रोज थोडं पुढं. लुगडं नेसताना तिला निऱ्यांना कापड पुरेना. माझं पोट सकाळी उतरायचं, हिचं सकाळी उतरत नव्हतं. हा फरक मला दिसत होता आणि मला धडकी भरली होती.

मी म्हणाले, "आत्ती, डॉक्टरीणबाईंकडं जाऊया."

दोन-तीन दिवसांनी सकाळी पहिली म्हैस पिळून झाली, नवऱ्यानं तिच्यापुढं गिलास धरला आणि तिनं तो हातानं बाजूला केला. मग म्हशीपुढं जाऊन उभी राहिली, तिच्या कपाळाला हात लावून तो हात स्वतःच्या कपाळाला लावला आणि म्हणाली, "आजपासनं तुझं दूध सोडलं मी. रागावू नकोस." काशीला जाऊन आलेली माणसं आवडीची वस्तू सोडतात, तसं तिनं दूध सोडलं. अशा सोडण्याला आमच्यात मागं फिरणं नसतं.

माझ्याकडं वळून ती म्हणाली, "तुझंच खरं होतं गे. मलापण दुधानंच झालंय."

इतक्या वर्षांनी तिनं माझं खरं म्हटलं होतं. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. कारण ते खरं नव्हतं. जन्मभर दूध पचवलेली बाई, तिला साठीत अचानक दूध बाधेल, एवढं बाधेल की जेवण तुटेल आणि अंग झडेल, हे माझ्या मनाला पटेना. मी तसं बोललेही. "आत्ती, माझं निराळं होतं. हे दुधाचं नव्हे."

"तुला काय डॉक्टरकी येतीय काय?"

नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "आई एवढं कळतं घेतीय तर घेऊ दे की. चार दिवस बघू." शेजारणींना तर आत्तीनं स्वतःच सांगून ठेवलं होतं आणि त्या माना डोलवायच्या. सून आधी म्हणत होतीच, असं वर मलाच ऐकवायच्या. मला त्या घराचा असा संताप आला! दूधच आहे म्हणून मी रडले तेव्हा कुणी ऐकलं नाही, आता दूध नव्हे म्हणून घसा फोडत होते तर तेही कुणी ऐकेना.

पंधरा दिवस गेले, महिना गेला. पोट उतरेना. मी पुन्हा विषय काढला. तेव्हा कढईतलं उलथनं न थांबवता तिनं मला हिशेब सांगितला. "तू किती पिलीस? चार-सहा म्हैने. म्हणून तुझं आठ दिसांत उतरलं. मी जलमभर पिलोय. एवढं साठलेलं उतराय वेळ लागणार की."

तिच्या हिशेबात चूक काढता येत नव्हती. जितकं पोट वाढेल तितकं तिला वाटायचं की दूध किती साठलं होतं बघा. त्यात दुसरी एक अडचण होती, ती तिनं मला एकदाच सांगितली. डॉक्टरीणबाई खालून तपासतात, असं तिनं ऐकलं होतं. नवरा गेल्यापासून या अंगाला कुणाचा हात लागला नाही, आता मरताना कशाला, असं ती म्हणाली. मी पुढं रेटलं नाही. लाज कशी धरतात हे मलाही शिकवलेलं होतं.

त्या दिवसांत ती दिवसभर दुधापुढं बसायची. कढईत बोट बुडवून चव घ्यायची तिची सवय होती, तीही तिनं सोडली. खवा उतरायची वेळ झाली की मला हाक मारायची, "तू चाख गे." मी ओठाला लावायची आणि सांगायची. मला तेवढ्यानंही त्रास व्हायचा, पण ते मी तिला सांगितलं नाही. ताक घ्या म्हटलं तर म्हणायची, ते दुधाचंच की. दहीसुद्धा सोडलं. भाताच्या पेजेवर राहिली आणि आणखी वाळली.

शिमग्याच्या आसपास एका दुपारी ती कढईपुढून उठताना कोसळली. श्वास वर लागला होता. मग नवरा हलला. टॅक्सी करून रायापूरच्या रस्त्यानं आम्ही तिला हुबळीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. वाटेत तिनं माझा हात धरला होता. बोटं बर्फ झाली होती.

बायकांच्या वॉर्डात तिला खाट मिळाली. तरुण डॉक्टर होता. त्यानं पोटावर बोटं वाजवली, तिला कुशीवर वळवून पुन्हा वाजवली आणि विचारलं, "हे कधीपासून?" नवरा माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणाले, "दिवाळीनंतर." डॉक्टरनं पेन थांबवलं. पुढच्या तपासण्या झाल्यावर व्हरांड्यात नेऊन त्यानं मलाच समजावून सांगितलं, कारण नवरा भिंतीला टेकून खाली बसला होता. पोट वाऱ्यानं फुगतं, न पचलेल्या अन्नानं फुगतं, कोठा तुंबला तरी फुगतं. लिव्हर बिघडलं, आतड्याचा टीबी झाला तरी पोटात पाणी होतं. आत्तीच्या पोटातही पाणीच होतं, पण त्याच्या मुळाशी गाठ होती, अंडाशयाची, आणि ती सगळीकडं पसरली होती. फुगणारं आणि पुन्हा उतरणारं पोट निराळं, असं तो म्हणाला. उतारवयात नव्यानं फुगलेलं आणि रोज फुगलेलंच राहणारं पोट, दोन घासांत भरणारं पोट, यात थांबून चालत नाही. "लवकर आणायला पाहिजे होतं." हे वाक्य डॉक्टर सगळ्यांनाच सांगत असतील. मला मात्र त्याची मान धरावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी सुईनं पाणी काढलं. बाटल्यांवर बाटल्या भरल्या. नर्सनं पट्टी लावली आणि संध्याकाळी आत्ती उठून बसली. धाप थांबली होती. पोट बसलं होतं, कातडी सैल लोंबत होती. तिनं दोन्ही हातांनी पोट चाचपलं आणि हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

"उतरलं बघ," ती म्हणाली. "मी म्हणालो नव्हतो? आत साठलेलं सगळं काढलं त्यांनी. आता दूध शिवायचं न्हाई बघ."

मी मान हलवली. तिला खरं सांगायची माझी छाती नव्हती आणि नवऱ्यानं तर पाय धरल्यासारखं विनवलं होतं, आईला काही कळू देऊ नको म्हणून. दोन दिवस ती आनंदात होती. पेज मागून प्यायली. मला वाटलं, असंच जाऊ दे. जाते तर समाधानानं जाऊ दे.

शेजारच्या खाटेवर नवलगुंदकडची एक बाई होती, पस्तिशीची असेल. तिचंही पोट पुढं आलेलं, हात काडीसारखे. तपासण्या व्हायच्या होत्या, आणि तिचा नवरा घरी चल म्हणून मागं लागला होता, शेंगांची कामं आली म्हणून. आत्तीनं तिच्याकडं तोंड वळवून कन्नडमध्ये सुरू केलं. तुझंही माझ्यासारखंच आहे, दूध सोड, मला बघ, सोडलं आणि उतरलं. इथं कशाला पडून राहतेस, घरी जा. त्या बाईच्या चेहऱ्यावर उजेड आला. तिचा नवरा तर लगेच उठून पिशवी भरायला लागला.

मी नवऱ्याकडं पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता. मी उठले आणि त्या बाईच्या खाटेशी जाऊन कन्नडमध्येच म्हणाले, "जाऊ नकोस. ह्यांचं दुधानं नव्हतं. डॉक्टर बघतील ते बघू दे, मग जा." बाई घाबरून माझ्याकडं बघत राहिली. तिच्या नवऱ्यानं पिशवी खाली ठेवली.

मागं वळायला मला धीर होत नव्हता. वळले तेव्हा आत्ती माझ्याकडंच बघत होती. ती चिडली नव्हती. तिनं आधी मुलाकडं बघितलं. तो रडत होता, म्हणजे तिला विचारायचं काही उरलं नाही.

"दुधानं नव्हतं?" तरी तिनं विचारलं.

"नव्हतं, आत्ती."

ती पोटावरची कातडी चिमटीत धरून बसली. वॉर्डात भांड्यांचा आवाज चालला होता. ती म्हणाली, "मग उगंच सोडलं की गे मी."

मी खाली गेले. कॅन्टीनमधून दूध आणलं, गरम, साखर घालून. तिला उशी लावून बसवलं आणि गिलास तोंडाशी धरला. तिनं एक घोट घेतला, जिभेवर घोळवला आणि तोंड वाकडं केलं.

"निम्मं पाणी हाय," ती म्हणाली, आणि माझ्या हातातून गिलास काढून घेऊन सगळं प्यायली.